मालकाचं स्क्रीन प्रिंटिंगचं युनिट घ्यावं, डीटीएफ मशीन घ्यावं, की सरळ एमआयडीसीत लागावं?

सांगलीहून एका दादांचा मेसेज आलाय. वय ३७, पंधरा वर्षं एकाच स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात कारागीर, पगार १८,००० आणि सीझनला ओव्हरटाइम. मालकांचं वय झालंय, त्यांचा मुलगा बाहेरगावी नोकरीला, ते म्हणतात ४ लाखात सगळा सेटअप तू घे, नाहीतर दिवाळीनंतर शटर कायमचं बंद. दुसरीकडे एक डीलर मागे लागलाय की आता स्क्रीन संपली, साडेपाच लाखाचं डीटीएफ मशीन (डिझाइन आधी फिल्मवर छापून मग उष्णतेने कपड्यावर चिकटवतात ते) घ्या, लोनचं मी बघतो आणि ३५ टक्के सबसिडी पण मिळेल. जवळ २ लाख २० हजारांची एफडी आणि वहिनींचं पाच तोळे सोनं, दोन मुलं शाळेत, वहिनी ब्लाउज शिवून महिन्याला पाच-सहा हजार मिळवतात. शेवटी विचारलंय, "ताई, या धंद्यात पुढे काही आहे का?"

दादा, आधी सरळ उत्तर देते, मग हिशोब. युनिट घ्या, पण ४ लाखाला नाही आणि एकरकमी तर नाहीच. डीटीएफ मशीन आत्ता घेऊ नका, डीटीएफचं काम मात्र घेत रहा, बाहेरून मीटरवर करून. आणि सोन्याला हात लावू नका.

"स्क्रीन संपली" हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकते आणि ते अर्धंच खरं आहे. लग्नपत्रिकेचं काम व्हॉट्सॲपने खाल्लं, व्हिजिटिंग कार्ड डिजिटलकडे गेली, कापडी बॅनर फ्लेक्सने कधीच संपवले, आणि मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत नॉन-वूव्हन पिशव्याही आल्या तेव्हा फक्त त्याच्यावर छापणाऱ्यांचे हात रिकामे झाले. ते काम परत येणार नाही, त्याच्या आशेवर एक रुपया लावू नका. पण तुम्ही जे करता ते मुख्यतः टीशर्ट आणि कापडी पिशव्या, त्याचं गणित वेगळं आहे आणि तुम्ही मेसेजमध्ये दिलेल्या आकड्यांवरच ते मांडते.

प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. तुम्ही लिहिलंय फिल्म, इमल्शन, एक्स्पोजिंग असा ती तयार करायचा सगळा खर्च धरून एका स्क्रीनला ३०० पडतात आणि एका रंगाच्या शाईचे नगाला ५. डीटीएफ बाहेरून २५० रुपये मीटर, मीटरमध्ये छातीवरचे ए-फोर साइजचे सहा प्रिंट बसतात, म्हणजे एक प्रिंट ४२ ला. आता मंडळाचे २०० टीशर्ट, एकच रंग: स्क्रीनवर १,३०० रुपये, डीटीएफवर ८,४००. उलट कुणाच्या वाढदिवसाचे आठ टीशर्ट, चार रंगात: स्क्रीनवर १,३६०, डीटीएफवर ३३६. मजुरी दोन्हीकडे धरलेली नाही. एका रंगाला आठ-नऊ नगांच्या पुढे स्क्रीन स्वस्त, चार रंगाला साधारण ५५ नगांच्या पुढे, गडद कापडावर खाली पांढऱ्याची एक स्क्रीन वाढते म्हणून अजून थोडं पुढे, आणि फोटो असेल तर विषयच नाही, डीटीएफ. म्हणजे डीटीएफने तुमचं छोटं काम नेलंय, मोठं नाही, आणि छोट्या कामाला तसाही तुम्ही पूर्वी नाहीच म्हणत होता ना? आता त्याला हो म्हणता येईल, मधे आपला मार्जिन ठेवून.

मग मशीन का नको तेही सांगते. साडेपाच लाख, १२ टक्के, चार वर्षं, ईएमआय साधारण १४,५००. प्रिंट हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, कधीतरी जाणारच, त्यासाठी महिन्याला ४,००० बाजूला टाकायला हवेत, लाइट आणि किरकोळ मेंटेनन्स २,०००. झाले २०,५००. डीलरच्याच हिशोबाने शाई, फिल्म, पावडर मिळून मीटरला ११० खर्च, म्हणजे बाहेरून घेण्याच्या तुलनेत मीटरमागे १४० वाचतात. २०,५०० भागायला महिन्याला जवळजवळ १४७ मीटर लागतात, पावणेनऊशे प्रिंट, तेही फक्त बरोबरीत यायला. तुम्ही सध्या महिन्याला ३०-३५ मीटर करून घेता. एवढा फरक नुसत्या उत्साहावर भरून निघत नाही.

अजून एक, मशीन चालू असो नसो ईएमआय चालूच. माझ्या एका क्लायंटने दोन वर्षांपूर्वी असंच मशीन घेतलं, मे महिन्यात बहिणीच्या लग्नाला आठ दिवस गावी गेला, येऊन मशीन चालू केलं तर पांढऱ्या रंगाच्या ठिकाणी नुसत्या तुटक रेघा. पांढऱ्या शाईतलं पिगमेंट जड असतं, मशीन बंद राहिलं की खाली बसतं आणि हेडची बारीक छिद्रं बुजतात. पहिल्याच वर्षी हेड बदलायला लागलं आणि त्या महिन्याचा हप्ता त्याने मुलाच्या फीच्या पैशातून भरला. स्क्रीनचं टेबल आठ दिवस बंद ठेवलं तर त्याच्यावर फक्त धूळ बसते.

तेव्हा एक वही घाला, दर महिन्याला बाहेरून किती मीटर घेतलं ते लिहा. सलग सहा महिने, त्यात पितृपक्षाचा मंदा महिना धरून, सरासरी १५० च्या वर गेली की मला परत विचारा, तेव्हा मी स्वतः सांगेन घ्या म्हणून.

सबसिडीचं. डीलर जे ३५ टक्के म्हणतो ते पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगार योजनेतलं, आणि ते ग्रामीण भागात आणि विशेष प्रवर्गाला, म्हणजे महिला, ओबीसी, एससी, एसटी वगैरे. शहरात जनरलला १५, विशेष प्रवर्गाला २५. आणि ती योजना नवीन युनिटसाठी आहे, चालू दुकान विकत घेतलं तर त्यात बसणार नाही, शिवाय सबसिडी हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकवून ठेवतात, तोपर्यंत हप्ते आहेतच. पारंपरिक कारागिरांच्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल पण विचारलंय, त्या १८ व्यवसायांच्या यादीत शिंपी आहे, परीट आहे, स्क्रीन प्रिंटर नाही, त्यामुळे तुमच्या नावे नाही होणार, पण वहिनी शिवणकाम करतात ना, त्यांच्या नावे चौकशी जरूर करा. तुम्हाला पुढे खेळतं भांडवल लागलं तर मुद्रा बघा, किशोर गटात ५ लाखापर्यंत विनातारण मिळतं. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, मात्र दुकान नावावर झाल्या झाल्या करा, पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

आता मालकांशी बोलणं. ४ लाखात ते काय देतायत? सहा रंगांचं हाताने फिरवायचं मशीन, फ्लॅश (शाई चटकन सुकवणारा हीटर), एक्स्पोजिंग युनिट, जुना ड्रायर, नव्वद फ्रेम. बाजारात विकायला काढलं तर याचे किती येतील हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांच्याकडे खरी किंमतीची गोष्ट म्हणजे गिऱ्हाईक: शाळा, मंडळं, तालमी, दोन-चार कारखाने. आणि ती गिऱ्हाइकं तुमच्या हाताच्या कामावर टिकली आहेत. मी एकदा अशाच एका टेबलाजवळ उभी राहून बघितलंय, काळ्या टीशर्टवर आधी पांढऱ्याचा हात, मग फ्लॅशखाली काही सेकंद, कारागीर बोटाचं टोक अलगद टेकवून बघतो चिकटतंय का, आणि मगच वरचा भगवा ओढतो, नजर कपड्यावर आणि स्क्विजीचा, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीचा, दाब दोन्ही हातात सारखा. ही १५ वर्षांची कमाई आहे, तिचे पैसे तुम्हीच मालकांना परत कशाला द्यायचे.

म्हणून बोलणीत एक आकडा नेऊन ठेवा. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा आणि वर माणसं असलेल्या जागी लागतो, तुमच्याकडे तिघंच, त्यामुळे हक्क म्हणून मागता येणार नाही. पण त्याच सूत्राने, १८,००० गुणिले १५ गुणिले १५ वर्षं भागिले २६, १ लाख ५५ हजारांच्या वर येतात. भांडायचं नाही, शांतपणे म्हणायचं, काका, दुसरीकडे मोठ्या ठिकाणी असतो तर एवढे मिळाले असते, ते किमतीतून वजा धरा. मालक माणूस म्हणून चांगले आहेत असं तुम्हीच लिहिलंय, अडीच लाखाच्या आसपास तुटेल असं मला वाटतं. त्यातले ८०,००० आत्ता, बाकी १ लाख ७० हजार महिना दहा हजाराने १७ महिने, स्टॅम्प पेपरवर लिहून, यादीसकट. एफडीतले १ लाख घरासाठी तसेच ठेवायचे, धंद्यात कितीही अडलं तरी, आणि ४०,००० शाई, फिल्म आणि कोऱ्या टीशर्टला.

टोकन द्यायच्या आधी दोन वर्षांची बिलबुकं स्वतः बसून बघा. मालक म्हणतात माल वजा जाता महिन्याला ६० हजार सुटतात. तुमचा खर्च असा: गाळाभाडं ७,०००, मदतनीस १०,०००, लाइट २,५००, मालकांचा हप्ता १०,०००, आणि तुमचा स्वतःचा पगार १८,०००. तो घ्यायचाच, पहिल्या महिन्यापासून. एकूण ४७,५००. वर्षाची सरासरी याच्या खाली निघाली तर घेऊ नका, मग एमआयडीसीतली नोकरी बरी, पीएफ आणि ईएसआय लागतं ही लहान गोष्ट नाही. पण सरासरी काढताना फक्त दहीहंडी, गणपती, शिवजयंती आणि १४ एप्रिलचे महिने धरू नका, मधले कोरडे महिने पण धरा.

उधारी हा या धंद्याचा खरा रोग आहे. मंडळाची पोरं आपलीच असतात, वर्गणी जमली की देतो म्हणतात, आणि विसर्जनानंतर खजिनदार फोन उचलत नाही. कोऱ्या टीशर्टचे पैसे आधी, पूर्ण, छपाईचे डिलिव्हरीला. इलेक्शनचं काम असेल तर सगळेच आधी, निकालानंतर कुणी कुणाला ओळखत नाही. कारखान्यांचं वेगळं आहे, उद्यम नोंदणी असेल तर त्यांना लेखी करार असला तरी ४५ दिवसांत आणि नसला तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि नाही दिले तर इन्कम टॅक्समध्ये त्यांना त्या वर्षी तो खर्च मिळत नाही. बिलावर उद्यम नंबर छापा, अकाउंटंट लोक तो बघतात.

आणि कारखाने म्हणाल तर तिथेच मला तुमचं पुढचं दिसतं. तुमच्याकडे कुपवाड आणि मिरज एमआयडीसी आहे, मशीनच्या नेमप्लेट, पॅनेलचे स्टिकर, कंट्रोल बॉक्सवरच्या खुणा हे सगळं स्क्रीनवर होतं कारण शाईचा थर जाड बसतो आणि तेल, उन्हात टिकतो. सोलर सेलवरच्या त्या बारीक चांदीच्या रेघा पण स्क्रीन प्रिंटिंगनेच काढतात, गाडीच्या मागच्या काचेवरच्या गरम होणाऱ्या तारा पण. ते काम लगेच तुमच्या गाळ्यात येणार नाही, पण जाळी आणि स्क्विजी संपत चाललेत असं म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं. पहिल्या वर्षी अशी दोनच गिऱ्हाइकं जोडा, सणावर न चालणारी.

घरचं पटकन: एक टर्म पॉलिसी, २५-३० लाखाची, युनिट घ्यायच्या आधी. ती होईपर्यंत बँकेत वर्षाला ४३६ वाली जीवन ज्योती विमा आणि २० रुपयेवाली अपघाताची सुरक्षा विमा लगेच. अटल पेन्शनला चाळिशीच्या आत नाव घालता येतं, तुमच्याकडे तीन वर्षं आहेत, पण थांबू नका. आणि कामाच्या जागी एक एक्झॉस्ट फॅन, थिनरचा वास पंधरा वर्षं घेतलाय तेवढा पुरे.

शेवटचं एक काम, जे सगळे विसरतात. दुकानाचा मोबाईल नंबर. प्रत्येक जुन्या बिलावर, स्टिकरवर आणि प्रत्येक मंडळाच्या अध्यक्षाच्या फोनमध्ये तोच सेव्ह आहे. ते सिम आणि त्यावरचं व्हॉट्सॲप तुमच्या नावावर झाल्याशिवाय ८०,००० देऊ नका.