दृष्टिचेतेची सूज आणि डिफ्यूजन एमआरआय

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची आहे. दोन महिन्यांपूर्वी डावा डोळा हलवला की तिला दुखू लागले आणि चार दिवसांत त्या डोळ्यासमोर धुरकट पडदा आला. मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतील व चेतांमधील तंतूंच्या आवरणावर हल्ला करते तो आजार) ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज, झाल्याचे निदान झाले. पाच दिवस सलाइनमधून स्टेरॉइड दिल्यावर आता बरेच दिसते, पण रंग फिके वाटतात आणि दुपारी उन्हातून गाडी चालवून आली की पुन्हा अंधुक दिसते. डिफ्यूजन एमआरआय केला, तर नसेला किती सूज आहे आणि नजर किती परत येईल हे आकड्यांत कळते, असे एका नातेवाइकांनी सांगितले. त्यासाठी मुंबईला जावे का?
— एक आई, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : केवळ या तपासणीसाठी मुंबईचा प्रवास करण्याची गरज नाही. त्याचे कारण समजावून सांगतो, कारण आपल्या नातेवाइकांनी सांगितलेले अगदीच निराधार नाही.

दृष्टिचेतेत, म्हणजे ऑप्टिक नर्व्हमध्ये, सुमारे दहा लाख तंतू शेजारी शेजारी धावत असतात. त्यातले पाणी तंतूंच्या लांबीने सहज सरकते, पण आडवे जाताना तंतूंच्या भिंती आणि त्यांच्यावरचे मायलिनचे आवरण त्याला अडवतात. पाण्याच्या या हालचालीची दिशा आणि वेग एमआरआयने मोजण्याची डिफ्यूजन टेन्सर पद्धत पीटर बॅसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मांडली. ऑप्टिक न्यूरायटिसच्या सुरुवातीच्या दिवसांत लांबीच्या दिशेची हालचाल मंदावलेली दिसते, आणि पुढे मायलिन व तंतू झिजले की आडवी हालचाल वाढते, असे अभ्यासांत आढळले आहे. ही मंदगती जितकी जास्त, तितकी नजर सावकाश आणि कमी सुधारते, असा संबंधही दिसला आहे.

अडचण अशी की सुजेत दोन विरुद्ध गोष्टी एकाच वेळी घडतात. दाहामुळे आलेल्या पेशींची गर्दी पाण्याला अडवते, तर त्याच जागी साचलेले जास्तीचे पाणी मोकळे फिरते. दोन्ही मिळून जो एक आकडा हाती येतो, त्यावरून सूज किती आणि कायमची झीज किती, हे वेगळे सांगता येत नाही. हे घटक वेगळे काढण्याच्या पद्धतीवर सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात काम झाले आहे, पण ते अजून संशोधनाच्या पातळीवर आहे. शिवाय ही चेता जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची. तिच्याभोवती पाण्यासारखा द्रव, बाहेर चरबी, शेजारी हवेने भरलेली सायनस, आणि डोळा तर क्षणभरही पूर्ण स्थिर राहत नाही. त्यामुळे गटांच्या सरासरीत दिसणारा फरक एका रुग्णाच्या बाबतीत खात्रीने वाचता येत नाही. मेंदूच्या नेहमीच्या एमआरआयमध्ये डिफ्यूजनचा एक साधा भाग बहुधा असतोच, पण तो ही मोजणी नव्हे.

आपल्या मुलीसाठी अधिक उपयोगी तपासण्या नागपुरातच होतात. ओसीटीने डोळ्याच्या पडद्यावरील चेतातंतूंचा थर किती पातळ झाला ते कळते, आणि व्हीईपीने डोळ्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश किती उशिरा पोचतो ते कळते. एमओजी आणि अ‍ॅक्वापोरिन-४ या प्रतिपिंडांची रक्ततपासणी झाली नसेल, तर तीही डॉक्टरांना जरूर विचारा. या प्रतिपिंडांच्या आजारांतही अशीच सूज येते, पण त्यांचे उपचार वेगळे आहेत. स्टेरॉइडने नजर लवकर सुधारते, पण अखेरीस किती परत येते यात फारसा फरक पडत नाही, हे अमेरिकेतील ऑप्टिक न्यूरायटिस ट्रीटमेंट ट्रायलने दाखवले. बहुतेकांची नजर बऱ्यापैकी परत येते आणि ही सुधारणा कित्येक महिने चालू राहू शकते. म्हणून दोन महिन्यांवर हिशेब मांडू नका. पुढचा झटका टाळणारे औषध केव्हा सुरू करायचे, हा प्रश्न मात्र लांबवू नका.

शारीरिक श्रमानंतर येणारे असे तात्पुरते अंधुकपण जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवले होते; उन्हानेही तेच होते. आवरण गेलेल्या तंतूंतून शरीर तापले की संदेश नीट जात नाही. थंड झाल्यावर तो पुन्हा जाऊ लागतो, आणि त्याने नवी इजा होत नाही. नागपूरच्या मे महिन्यात दुपारची कामे सकाळी उरका आणि घरी येताच कूलरसमोर बसायला सांगा. किती वेळात नजर पूर्ववत होते ते वहीत लिहून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा औषधाच्या बाटलीचे लाल झाकण एकेका डोळ्याने पाहून लाली किती फिकी वाटते तेही नोंदवा. अंधुकपण थंडाव्यात बसूनही २४ तास टिकले किंवा डोळा हलवताना पुन्हा दुखू लागले, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.