पाटाच्या कडेच्या ओल्या जमिनीत लार्च लावता येईल का?

निफाडला थंडीत पारा पाच अंशांच्या खाली जातो, पाटाच्या झिरप्यामुळे जमीन कायम ओली असते, तेव्हा तेथे लार्चसारखे पान झडणारे सूचिपर्णी झाड लावता येईल का, असे तुम्ही विचारले आहे. लार्च लावू नका. उत्तर अमेरिकेच्या दलदलीतला टॅमरॅक लार्च उणे चाळीस अंश सोसतो, आपला एप्रिल त्याला सोसवणार नाही. शिवाय कळ्या नीट फुटण्यासाठी त्याला कित्येक आठवड्यांचा सलग गारठा लागतो, आणि निफाडची थंडी पहाटेपुरती असते. द्राक्षवेलही पानझडीच, पण तिला पुरेसा गारठा मिळत नाही म्हणून तर ऑक्टोबर छाटणीनंतर काडीवरच्या डोळ्यांना (कळ्यांना) त्या फुटाव्यात म्हणून हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावावे लागते. हिमालयातला लार्चही सिक्कीमकडे ३,००० मीटरच्या आसपासच्या उंचीवर वाढतो.

त्याऐवजी टॅक्सोडियम, म्हणजे बाल्ड सायप्रस, लावा. अमेरिकेच्या आग्नेय भागातील दलदलीत वाढणारे हे झाड उष्णता आणि साचलेले पाणी दोन्ही सहन करते. इगतपुरीजवळ मामांच्या शेतात, ओढ्याकाठी, मी ते लावले होते. हिवाळ्यात त्याची पाने तांबूस होऊन झडली आणि मी पुण्यात असताना मामांनी झाड मेले असे ठरवून ते बुंध्यापासून तोडायला लावले. सूचिपर्णी झाड पान टाकत नाही, बांधावरचा सुरू बघ, हे त्यांचे म्हणणे. सुरू मुळात सूचिपर्णी नाहीच. तो सपुष्प वृक्ष असून त्याच्या ज्या सुया दिसतात त्या बारीक डहाळ्या असतात, हे मी त्यांना अनेकदा सांगितले आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याच खोडाला धुमारे फुटले, तरी ते नवे बी रुजले असावे असे मामा आजही सांगतात. नखाने साल किंचित खरवडली असती, तर आतला हिरवा थर त्यांना तेव्हाच दिसला असता. तुमच्याही घरी असे कोणी जाणकार असतील, तर डिसेंबरापूर्वीच त्यांना हे सांगून ठेवा.

एक मात्र लावण्याआधी पाहा: झिरप्याने जमीन चोपण (सोडियमच्या क्षारांनी बिघडलेली) झाली असेल किंवा तीत चुनखडी जास्त असेल, तर टॅक्सोडियमची पाने पिवळी पडतात, म्हणून आधी मातीचा सामू (pH) तपासून घ्या आणि तो साडेसातच्या वर असेल तर हा बेत सोडून द्या.