सौर, सावन आणि नाक्षत्र

घोडबंदर रोडवरून एका ताईंनी विचारलंय : लेकीच्या पुस्तकात 'सौर दिवस' 24 तासांचा आणि 'नाक्षत्र दिवस' 23 तास 56 मिनिटांचा दिलाय. सासऱ्यांच्या जुन्या ज्योतिषाच्या पुस्तकात मात्र सौर दिन वेगळा, सावन दिन वेगळा. मग खरं कुठलं?

ताई, दोन्ही खरं. घोळ झालाय तो 'सौर' या शब्दाचा.

आधी नाक्षत्र घेऊ, तो सोपा. एखादी तारका याम्योत्तरावर, म्हणजे उत्तर-दक्षिण रेषेवर आली की तिथून ती पुन्हा तिथेच येईपर्यंतचा काळ म्हणजे नाक्षत्र दिवस. पृथ्वीची एक पुरी गिरकी. पण तेवढ्यात पृथ्वी सूर्याभोवतीही सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते. म्हणून सूर्य पुन्हा याम्योत्तरावर यायला तिला अंशभर जास्त फिरावं लागतं आणि त्यात जवळजवळ चार मिनिटं जातात.

हे ठाण्यात गच्चीवरून पाहता येतं. शहराच्या उजेडातही व्याध हा ठळक तारा दिसतोच. 1 जानेवारीला रात्री पाऊणच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला असतो, 1 फेब्रुवारीला पावणेअकराच्या सुमारास आणि 1 मार्चला नऊच्या आतच. महिन्याला दोन तास, म्हणजे वर्षात अख्खी एक गिरकी जास्त.

आर्यभटाने हाच हिशेब मांडलाय. युगाची 43,20,000 वर्षं आणि तेवढ्यात पृथ्वीचे 1,58,22,37,500 फेरे. फेऱ्यांतून वर्षं वजा केली की उरतात ते सूर्योदय ते सूर्योदय मोजलेले दिवस. या आकड्यांचा भागाकार करून नाक्षत्र दिवस काढलात तर 23 तास 56 मिनिटं 4 सेकंद येतात, आजच्याइतकेच! पंधराशे वर्षांपूर्वीचं हे गणित आपल्या शाळांत शिकवायला हवं, असं मला फार वाटतं.

सूर्योदय ते सूर्योदय या दिवसाचं जुनं नाव सावन दिन. श्रावणाशी त्याचा संबंध नाही. यज्ञात सोमरस काढण्याचा विधी तो सवन, त्यावरून सावन. जुन्या ग्रंथांतला सौर दिन निराळा : सूर्याला राशिचक्राचा एक अंश ओलांडायला लागणारा काळ. वर्षाचे 360 भाग केले की एक भाग सरासरी 24 तास 21 मिनिटांचा भरतो.

म्हणजे लेकीच्या पुस्तकातला सौर दिवस सासऱ्यांच्या पुस्तकातल्या सावन दिनाच्या जागी बसतो. आज 'सौर दिवस' रूढ झालाय, तो बदलायचं कारण नाही. जुना ग्रंथ वाचताना तेवढं भान ठेवावं.

भिंतीवरचं घड्याळही नेमकी सौर वेळ दाखवत नाही बरं का. प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, आणि ठाणे त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे इथे सूर्य याम्योत्तरावर येतो तो सरासरी 12 वाजून 38 मिनिटांनी.