शनिवारच्या शाळेत शिकवायला जातेयस ना, मग हे वाच

अगं पहिल्याच दिवशी वर्कशीटचा गठ्ठा घेऊन जाऊ नकोस, मी नेलेला आणि तोंडावर आपटले. लंडनमधल्या या सॅटर्डे स्कूल कुणी दया म्हणून काढलेल्या नाहीत, कॅरिबियन बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय आईबापांनीच साठच्या दशकाच्या शेवटी काढल्या, कारण त्यांची चांगली हुशार पोरं मतिमंद ठरवून वेगळ्या शाळांत टाकली जात होती. १९७१ ला ग्रेनाडाच्या बर्नार्ड कोर्डने यावर पुस्तिकाच लिहिली, ती आधी वाच.

गणित-इंग्लिश पक्कं करून घ्यायचंच, त्यात सूट नाही. पण इतिहास गुलामांच्या जहाजापासून सुरू नको करू! पश्चिम आफ्रिकेतलं मालीचं साम्राज्य, त्यातलं टिंबक्टू शहर, बेनिन राज्याची पितळी शिल्पं यापासून कर, शिल्पं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, एन्ट्री फ्री, पोरांना घेऊन जा आणि १८९७ ला ती लुटून आणली हेपण सांग.

माझ्या वर्गात सहा वर्षांची एक पोरगी स्वतःचं चित्र काढताना 'स्किन कलर' दे म्हणाली, म्हणजे तो गुलाबीसर खडू. मला काही सुचेना. पुढच्या शनिवारी तपकिरीच्या जेवढ्या छटा मिळाल्या तेवढ्या नेल्या, सगळे हाताला खडू लावून लावून जुळवत बसले, तास त्यातच गेला, जाऊदे.

केसांना हात लावायचा नाही, कितीही गोड वेण्या असल्या तरी. नावं नीट विचारून घे. आणि पोरं घरची पॅटवा, म्हणजे त्यांची कॅरिबियन बोली, बोलली तर चूक म्हणून खोडू नकोस, आपण 'पानी' म्हटलं की बाई कशा हसायच्या आठवतंय ना.