उजवीकडे पळणारी मिडरेंज: वाचकांची प्रश्नोत्तरे

डिस्क गोल्फबद्दल (चकती फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायचा खेळ) येणारे बहुतेक प्रश्न सध्या अंडरस्टेबल मिडरेंजभोवतीच, म्हणजे उडताना उजवीकडे वळणाऱ्या मध्यम पल्ल्याच्या डिस्कभोवतीच फिरतायत, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. उत्तरं उजव्या हाताच्या बॅकहँडसाठी (हात छातीसमोरून ओढून केलेल्या फेकीसाठी) आहेत.

प्रश्न: दुकानात अंडरस्टेबल मिडरेंज ओळखायची कशी? (सॅन होजे)

डिस्कवर किंवा कंपनीच्या तक्त्यात चार आकडे असतात: स्पीड (किती वेगाने फेकावी लागते), ग्लाइड (हवेत किती तरंगते), टर्न (सुरुवातीला किती उजवीकडे वळते; उणे आकडा जितका मोठा, तितकं जास्त), फेड (शेवटी किती डावीकडे पडते). मिडरेंजचा स्पीड साधारण ४ ते ६. टर्न उणे २ किंवा त्याहून खाली आणि फेड ० ते १ असेल, तर ती अंडरस्टेबल. इनोव्हा कंपनीची पँथर (५, ४, उणे २, १) आणि स्टिंगरे (४, ५, उणे ३, १) ही सरळ उदाहरणं. रॉक३ (५, ४, ०, ३) मिडरेंजच, पण ती शेवटी डावीकडे जोरात पडते.

एक लक्षात ठेवा, हे आकडे कंपनीच ठरवते. पीडीजीए (व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना) डिस्कची मापं, वजन आणि लवचिकता तपासते, उड्डाण नाही. त्यामुळे एका कंपनीचा उणे २ दुसरीच्या उणे २ इतकाच असेल, असं धरून चालू नका. क्लबमध्ये कोणाकडून तरी मागून दहा वेळा फेकून बघा, मग पैसे काढा.

प्रश्न: मी डावखुरा आहे. वेगळी डिस्क लागेल का?

नाही. डिस्क तीच, फक्त डावं-उजवं उलटं वाचा.

प्रश्न: माझी मिडरेंज सोडल्या सोडल्या उजवीकडे कलते आणि चाळीस मीटरवर जमिनीत घुसते. सोबतचे सगळे म्हणतात, ओव्हरस्टेबल (डावीकडे ओढणारी) घे. कोणती घेऊ? (हेलसिंकी)

कोणतीही नको. हा सल्ला कोर्सवर सर्रास दिला जातो आणि त्यानेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. हात चुकत असताना ओव्हरस्टेबल डिस्क ती चूक झाकते. डिस्क सरळ गेल्यासारखी वाटते आणि चुकीची सवय हाडीमाशी खिळते. अंडरस्टेबल मिडरेंज लगेच चुगली करते, म्हणून तर ती घ्यायची.

आधी दोष कुठे आहे ते बघा. फोन मागे, छातीच्या उंचीवर ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा. धाव न घेता, जागेवरूनच, साठ टक्के जोराने पाच फेकी सपाट आणि पाच हायझरवर करा. हायझर म्हणजे बाहेरची (शरीरापासून दूरची) कड खाली, दहा-पंधरा अंश पुरे.

आता पहिले पाच मीटर बघा. डिस्क थरथरत असेल तर दोष हाताचा. सुटताना मनगट गुंडाळलं जातंय किंवा हात खांद्यांच्या रेषेतून सुटून वेगळ्याच पातळीत फिरतोय. थरथरणारी डिस्क आकड्यांपेक्षा जास्त उजवीकडे वळते. थरथर नाही, पण बाहेरची कड वर आहे, तर तुम्ही नकळत अ‍ॅनहायझर (हायझरच्या उलट) फेकताय. बहुधा कंबरेतून मागे झुकताय. सपाट फेकीत मागून डिस्कचा वरचा शिक्का स्पष्ट दिसतोय? मग नाक, म्हणजे डिस्कची पुढची कड, वर आहे. अशी डिस्क वर चढते, दम तोडते आणि डावीकडे पडते. तुमची तक्रार ती नाही, पण ही चूक दुसरीच्या मागे लपलेली असू शकते.

सगळं स्वच्छ असूनही सपाट फेक वळत असेल, तर तुमच्या वेगाला ती डिस्क जास्तच अंडरस्टेबल आहे. तेव्हा सोडताना हायझर वाढवा. ती उडताना सपाट होईल, सरळ जाईल आणि शेवटी जराशी डावीकडे बसेल. हे जमल्यावरच दुसऱ्या डिस्कचा विचार करा, आणि त्याआधी ते चित्रीकरण एखाद्या प्रशिक्षकाला दाखवा.

प्रश्न: वजन किती घ्यावं?

नियमानुसार व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम ही मर्यादा, म्हणून २१.७ सेंटिमीटरची मिडरेंज जास्तीत जास्त १८० ग्रॅमची. नवशिक्यांनी १६५ ते १७२ बघावी. हलकी डिस्क कमी वेगातही वळते, पण वाऱ्यात भरकटते.

प्रश्न: समोरून वारा असताना ही डिस्क चालेल?

नाही.

प्रश्न: एका विक्रेत्याकडे मर्यादित आवृत्तीच्या शिक्क्याची डिस्क दुप्पट किमतीला आहे. ती जास्त अंडरस्टेबल असते म्हणे?

शिक्का उडत नाही. प्लॅस्टिक आणि साचा मात्र बघा. डीएक्ससारखं स्वस्त प्लॅस्टिक झाडांवर आपटून लवकर झिजतं, आणि झिजेल तशी डिस्क आणखी अंडरस्टेबल होते. चॅम्पियनसारखं महाग प्लॅस्टिक सहसा सुरुवातीलाच थोडं जास्त स्थिर असतं आणि तसंच टिकतं. एकाच साच्याच्या दोन डिस्क काचेच्या टेबलावर शेजारी ठेवा आणि कडेवरची जोडरेषा डोळ्यांच्या पातळीवर आणून बघा. जिची रेषा खाली, ती जास्त वळण्याची शक्यता. दुकानदार हे करू देत नसेल, तर दुकान बदला.

प्रश्न: डेन्व्हरला आल्यापासून माझी उजवीकडे जाणारी डिस्क सरळ जाते. खराब झाली का?

डिस्क ठीक आहे, तिथली हवा विरळ आहे. उंचीवर प्रत्येक डिस्क थोडी ओव्हरस्टेबल वागते. तिथे टर्न एक पायरी जास्त (उणे २ ऐवजी उणे ३) असलेली घ्या, पण स्थानिक खेळाडू काय वापरतात ते आधी विचारा.

प्रश्न: तीन महिने कोपर दुखतंय. हलकी अंडरस्टेबल डिस्क घेतली तर कमी होईल का?

तीन महिने! डिस्कची चौकशी करण्याआधी डॉक्टरांकडे जायला हवं होतं. जोर कमी लागला तरी दुखावलेला स्नायूबंध डिस्क बदलून बरा होत नाही, आणि दुखणं चुकवायला माणूस मनगट गुंडाळतो, मग वर सांगितलेला सगळा घोळ सुरू होतो. फेकणं आजच थांबवा, अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. पटिंग (टोपलीजवळून केलेली हलकी फेक) चालेल का, तेही त्यांनाच विचारा.