ऑस्करच्या यादीत अपेक्षित नाव नसले, तर दोष नेमका कोणाचा?

आपण विचारले आहे की, ऑस्करची नामांकने जाहीर झाली की दरवर्षी ‘अमुकला डावलले’, ‘तमुक कुठून आला’ असा जो गदारोळ उठतो, त्यात तथ्य किती असते आणि मतदार खरोखरच ठरवून कोणाला वगळतात का. थोडक्यात सांगायचे, तर ठरवून वगळण्याची सोय त्या मतपत्रिकेवर नसते. मतदार नावे लिहितो, कोणाचे नाव खोडत नाही. तरीही सगळा राग अनाठायी असतो, असे मी म्हणणार नाही, कारण याच रागापोटी ऑस्कर देणाऱ्या अकादमीला स्वतःचे नियम एकदा नव्हे, अनेकदा बदलावे लागले आहेत. फरक इतकाच की, जेव्हा लोकांनी बोट नियमाकडे दाखवले तेव्हा काही हाती लागले आणि जेव्हा ते एखाद्या नामांकित व्यक्तीकडे दाखवले तेव्हा नुसताच मनस्ताप उरला.

आधी मोजणी कशी होते ते पाहू, कारण निम्मे आश्चर्य तिथेच विरघळते. अकादमीचे सदस्य व्यवसायानुसार शाखांमध्ये विभागलेले आहेत. अभिनयाची नामांकने नटनट्यांची शाखा ठरवते, दिग्दर्शनाची दिग्दर्शकांची, संकलनाची संकलकांची. सर्वोत्कृष्ट चित्रपटाची नामांकने मात्र सगळे सदस्य मिळून ठरवतात. अभिनय किंवा दिग्दर्शनासाठी मतदाराने पाचपर्यंत नावे पसंतिक्रमाने लिहायची असतात. आलेल्या मतपत्रिकांच्या संख्येला सहाने भागून त्यात एक मिळवला की कोटा ठरतो. समजा, दिग्दर्शकांच्या 600 मतपत्रिका आल्या, तर 101 मते मिळवणारा आत जातो. कोट्यापेक्षा बरीच जास्त मते पडली असतील, तर त्यांतला वाढीव वाटा पुढच्या पसंतीकडे सरकतो. जागा उरल्या असतील, तर सर्वांत कमी मतांचे नाव बाद होते आणि त्या मतपत्रिका त्यांवरच्या पुढच्या नावाला मिळतात. विधान परिषदेच्या निवडणुकीची मोजणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवे काही वाटणार नाही.

या पद्धतीचा परिणाम असा की, 400 जणांनी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर लिहिलेले, पण पहिल्या क्रमांकावर जवळजवळ कोणीच न लिहिलेले नाव पहिल्या काही फेऱ्यांतच गळू शकते आणि ज्याच्यावर नव्वदेक जण मनापासून फिदा आहेत, तो सहज आत पोहोचतो. सर्वांना बऱ्यापैकी आवडणे आणि थोड्यांना अतिशय आवडणे यांत ही मोजणी दुसऱ्याच्या बाजूने झुकते. अनपेक्षित नामांकन म्हणजे बहुतेक वेळा अशा थोड्यांच्या उत्कट पसंतीचे फळ असते. मला ही पद्धत मुळीच वाईट वाटत नाही, कारण तिच्यामुळेच एरवी कोणाच्या खिजगणतीत नसलेले चित्रपट यादीत शिरतात. पण मग तिची दुसरी बाजूही मान्य करावी लागते.

दिग्दर्शनाच्या विभागात हे सर्वांत स्पष्ट दिसते. 2013 मध्ये ‘आर्गो’साठी बेन ॲफ्लेकचे नाव दिग्दर्शकांच्या पाचांत नव्हते, पुढे त्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले आणि अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघटनेने, म्हणजे डीजीएने, तर दिग्दर्शनाचा पुरस्कारही ॲफ्लेकलाच दिला. दोन्हीकडे दिग्दर्शकच मतदार, मग निकाल वेगळे कसे, असा प्रश्न तेव्हा फार विचारला गेला. उत्तर सोपे आहे. डीजीएचे सदस्य हजारोंनी आहेत आणि त्यांत दूरचित्रवाणीचे दिग्दर्शक, साहाय्यक दिग्दर्शक असे सगळे येतात. अकादमीची शाखा काहीशे जणांची आहे आणि अमेरिकेबाहेरील चित्रपटांकडे तिचा ओढा उघड आहे. 2019 मध्ये ‘अ स्टार इज बॉर्न’चा ब्रॅडली कूपर यादीबाहेर राहिला आणि ‘कोल्ड वॉर’ या पोलिश चित्रपटाचा पावेल पावलिकोव्स्की आला, 2021 मध्ये डेन्मार्कचा थॉमस विंटरबर्ग आला, 2022 मध्ये ‘ड्यून’ला 10 नामांकने मिळूनही दनी व्हिलनव्ह यादीबाहेर राहिला आणि जपानचा र्‍युसुके हामागुची आला, 2023 मध्ये स्वीडनचा रुबेन ऑस्टलुंड आला. इतक्या वेळा घडल्यावरही दर जानेवारीत त्याला धक्का म्हणायचे, यात आश्चर्य मतदारांपेक्षा भाकिते करणाऱ्यांचे वाटते. गोल्डन ग्लोब पुरस्कार पत्रकार देतात, डीजीए वेगळ्या माणसांची आहे, तरी त्यांच्या निकालांवरून यादी रचायची आणि ती चुकली की अकादमीने अन्याय केला म्हणायचे, अशी ही रीत आहे.

2024 मधला ‘बार्बी’चा वाद याच चौकटीत पाहावा. ग्रेटा गरविगला दिग्दर्शनाचे आणि मार्गो रॉबीला मुख्य अभिनेत्रीचे नामांकन मिळाले नाही, पण रायन गॉसलिंगला सहायक अभिनेत्याचे मिळाले. चित्रपटाचा विषयच पुरुषी वर्चस्वाची खिल्ली हा असल्यामुळे या योगायोगावर लोक तुटून पडणार हे उघडच होते. खुद्द गॉसलिंगनेही निवेदन काढून निराशा व्यक्त केली. तरी वस्तुस्थिती अशी की, चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह आठ नामांकने होती, रूपांतरित पटकथेसाठी गरविगचे आणि निर्माती म्हणून रॉबीचे नाव यादीत होतेच, अमेरिका फेरेराही होती. दिग्दर्शकांच्या पाचांत नोलन, स्कॉर्सेसी, लँथिमॉस, ग्लेझर आणि ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’ची जस्टिन त्रिए होते. यांतून कोणाला उठवून गरविगला बसवायचे, हे सांगायला फारसे कोणी पुढे आले नाही. ‘पास्ट लाइव्ज’ची सेलिन साँगही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत असून दिग्दर्शनात नव्हती, पण तिच्यासाठी एवढा आवाज उठला नाही. ओरड किती मोठी होते हे पुष्कळदा चित्रपट किती चालला यावर ठरते, हे माझे जुने निरीक्षण आहे.

अभिनयात आणखी एक गंमत आहे. भूमिका मुख्य की सहायक, हे निर्मात्यांच्या प्रचाराने सुचवले जाते, पण ठरवतात मतदार. 2009 मध्ये ‘द रीडर’मधील भूमिकेसाठी केट विन्स्लेटचा प्रचार सहायक अभिनेत्री म्हणून चालला होता आणि त्या विभागातला गोल्डन ग्लोबही तिला मिळाला होता, अकादमीच्या मतदारांनी तिला मुख्य अभिनेत्रीच्या यादीत नेले आणि तिथे ती जिंकली. एकाच व्यक्तीच्या दोन भूमिका एका विभागात नकोत, या त्या वेळच्या नियमामुळे ‘रेव्होल्यूशनरी रोड’मधले तिचे काम मात्र यादीबाहेर राहिले. 2021 मध्ये तर ‘जूडस अँड द ब्लॅक मसाया’मधले डॅनियल कलूया आणि लाकीथ स्टॅनफील्ड हे दोघेही सहायक अभिनेत्याच्या विभागात आले. मग या चित्रपटात मुख्य अभिनेता होता तरी कोण, असा मिश्कील प्रश्न तेव्हा सगळीकडे फिरत होता. स्टॅनफील्डचा प्रचार मुख्य भूमिकेसाठी झाला होता. अशा वेळी हुकलेल्या सहाव्या माणसाला कोणी डावललेले नसते. मते कोणत्या खान्यात पडली, एवढाच तो प्रकार असतो.

आता ज्या प्रतिक्रियेने मी खरोखर अस्वस्थ झालो, तिच्याकडे येतो. जानेवारी 2023 मध्ये अँड्रिया राइजबरोला ‘टू लेस्ली’ या अत्यल्प उत्पन्नाच्या छोट्या चित्रपटासाठी मुख्य अभिनेत्रीचे नामांकन मिळाले. मोठ्या जाहिराती नव्हत्या. ओळखीच्या कलावंतांना ई-मेल करून, चित्रपटाचे खासगी खेळ ठेवून आणि समाजमाध्यमांवरच्या शिफारशींतून तिचे नाव पुढे आले. एका अभिनेत्रीने तर शाखेतील 1,302 पैकी केवळ 218 मते पुरतात असे उघड लिहिले आणि इतर काही जणींची जागा पक्की आहे असेही सुचवले. व्हायोला डेव्हिस आणि डॅनिएल डेडवायलर या दोघी कृष्णवर्णीय अभिनेत्री यादीत आल्या नाहीत, तेव्हा रोख थेट राइजबरोवर वळला. अकादमीने प्रचाराची तपासणी केली, काही पद्धतींबद्दल चिंता व्यक्त केली, पण नामांकन कायम ठेवले. डेव्हिस आणि डेडवायलर यांच्यासाठी हळहळणाऱ्यांशी माझा वाद नाही, मलाही वाईट वाटले. पण स्टुडिओ कोट्यवधी डॉलर खर्चून जे करतात, तेच चार मित्रांनी फुकटात केले म्हणून ते संशयास्पद ठरावे, हे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही. त्या गोंधळात तिच्या अभिनयाबद्दल फारच थोडे बोलले गेले.

याउलट, राग नियमापर्यंत पोहोचला तेव्हा काय झाले ते पाहा. 1934 च्या ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’साठी बेट डेव्हिसचे नाव यादीत नव्हते. ओरड इतकी झाली की अकादमीने यादीबाहेरचे नाव हाताने लिहिण्याची मुभा दिली. जिंकली क्लॉडेट कोलबेअर, पण पुढच्याच वर्षी हॅल मोर हा छायाचित्रणकार अशा हाताने लिहिलेल्या मतांवर जिंकला आणि लगेच ती मुभा काढून घेण्यात आली! मतमोजणी प्राइस वॉटरहाउस या बाहेरच्या हिशेबनीसांकडे गेली तीही याच सुमारास. 1995 मध्ये ‘हूप ड्रीम्स’ हा गाजलेला माहितीपट माहितीपटांच्या यादीतच नव्हता. त्या विभागात तेव्हा पसंतिक्रमाऐवजी गुण दिले जात. मोजणी तपासली तेव्हा असे आढळले की, काही मतदारांनी आपल्या पसंतीच्या पाचांना पूर्ण गुण आणि बाकी सगळ्यांना शून्य दिले होते. त्यानंतर माहितीपट निवडण्याची पद्धत बदलत गेली आणि पुढे त्यांची स्वतंत्र शाखाच झाली. 2009 मध्ये ‘द डार्क नाइट’ आठ नामांकने मिळवूनही सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाचांत आला नाही. त्याच वर्षी अकादमीने त्या विभागातल्या जागा पाचावरून दहा केल्या. मधली काही वर्षे ही संख्या मतांनुसार कमीजास्त होत होती, 2022 च्या सोहळ्यापासून ती पुन्हा ठरावीक दहा आहे.

आणि जेव्हा एकच प्रकार वर्षानुवर्षे घडतो, तेव्हा पसंतिक्रमाच्या गणिताची सबब पुरत नाही. 2015 आणि 2016 अशी सलग दोन वर्षे अभिनयाच्या चारही विभागांतली वीसच्या वीस नावे गोऱ्या कलावंतांची होती. ‘सेल्मा’ 2015 मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत होता, पण त्याची कृष्णवर्णीय दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने आणि कृष्णवर्णीय नायक डेव्हिड ओयेलोवो हे दोघेही आपापल्या विभागाच्या यादीत नव्हते. 2010 पूर्वीच्या संपूर्ण इतिहासात दिग्दर्शनासाठी नामांकन मिळालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या तीन: लिना वर्टम्युलर, जेन कॅम्पियन आणि सोफिया कोपोला. हे एखाद्या वर्षीच्या पाचव्या जागेचे नशीब नव्हे. मतदार कोण आहेत, याचेच ते प्रतिबिंब होते. म्हणूनच 2016 मध्ये अकादमीने 2020 पर्यंत स्त्रिया आणि अल्पसंख्य गटांतील सदस्यांची संख्या दुप्पट करण्याचे ठरवले आणि नंतर परदेशांतूनही मोठ्या प्रमाणावर सदस्य घेतले. दिग्दर्शकांच्या यादीत आज जी जागतिक नावे दिसतात, त्यांच्यामागे या भरतीचाही वाटा असावा, असे मला वाटते.

भारतीय चित्रपटांबद्दलची हळहळ मात्र बरेचदा चुकीच्या दारावर जाते. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात प्रत्येक देशाने एकच चित्रपट पाठवायचा असतो आणि आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते. 2022 मध्ये ‘आरआरआर’ऐवजी ‘छेल्लो शो’ गेला, 2024 मध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळवलेल्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ऐवजी ‘लापता लेडीज’ गेला. त्या विभागात ‘आरआरआर’ अकादमीने नाकारला, असे म्हणण्यात अर्थ नाही. तो तिथे पोहोचलाच नव्हता. दुसऱ्या दाराने, म्हणजे इतर विभागांसाठी गेला तेव्हा ‘नाटू नाटू’ने 2023 मध्ये सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर आणले. ‘श्वास’, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट भारताकडून गेले होते, पण शेवटच्या पाचांत आजवर ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’ आणि ‘लगान’ हे तीनच पोहोचले आहेत.

म्हणून पुढच्या जानेवारीत यादी वाचून संताप आला, तर एक गोष्ट जरूर पाहावी. एप्रिल 2025 मध्ये अकादमीने जाहीर केले की, अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे असेल, तर त्या विभागातले सर्व नामांकित चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. ही अट अंतिम फेरीपुरती आहे. अभिनय आणि दिग्दर्शनाची नामांकने ज्या फेरीत ठरतात, जिथे वर्षाला सुमारे 300 पात्र चित्रपटांतून पाच नावे निघतात, तिथे त्या घोषणेने कोणावरही असे बंधन घातलेले नाही. नावे गळतात ती मात्र याच फेरीत.