ठाण्यात सोसायटीसमोरच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट टाकलंय. झाड वाचवायला काय करता येईल?

आधी बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढून घ्या, पण स्वतः पहार घेऊन नको. महापालिकेच्या उद्यान विभागाला फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. चारी बाजूंनी निदान १ मीटर माती मोकळी हवी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी हेच अंतर सांगितलं होतं, अर्जात त्याचा उल्लेख करा. पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, त्यांना हवाही लागते. ती गुदमरली की शेंडे वाळायला लागतात, आणि मग एखाद्या पावसाळ्यात अख्खं झाड कोलमडतं.

काँक्रीट निघाल्यावर खोल खणू नका, मुळं तुटतात. वर पालापाचोळा पसरा, मात्र बुंध्याला टेकवू नका. खिळे, तारा, दिव्यांच्या माळा काढा. लोखंडी जाळी खोडाला लागत असेल तर तीही कापायला सांगा. आमच्या नौपाड्यातल्या गल्लीत एका बकुळीच्या खोडात ती इतकी रुतली होती की बघवत नव्हतं.

फांद्या छाटायच्या तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. झाड ५० वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ते हेरिटेज वृक्ष ठरतं, हेही अर्जात जरूर लिहा.